पंचेचाळीस, पस्तीस, तीस

नवं नियमपुस्तक येतं
तेव्हा आयोवात मक्याची कापणी उरकत आलेली असते.
व्हर्लिन होस्टेटर चष्मा कपाळावर चढवतो,
पुस्तक नाकाशी धरतो, आधी शाईचा वास घेतो,
मग म्हणतो, "बघू, यंदा काय काढून घेतलं."

मी त्याच्या डाव्या हाताला बसते, स्कोअरबुक घेऊन.
सतरा हिवाळे झाले.
तो शॉट क्लॉक चालवतो :
एक डबी, दोन बटणं, आणि उजवा अंगठा,
ज्याला अख्ख्या कॉलेजचा जीव टांगलेला.

तो या खुर्चीत आला तेव्हा
घड्याळ पंचेचाळीसवरून उतरायचं.
पोरं चेंडू फिरवायची निवांत,
पाहुणे गेल्यावर उगाच पत्ते पिसत बसावं तशी.
मग पस्तीस झाले. मग तीस.
हुकलेला चेंडू आपल्याच हाती परत आला
तर आता नुसते वीस.

तीन गुणांची रेषाही मागे सरकली, दोनदा.
जुनी खरवडून काढली, पण पॉलिशखाली तिचा व्रण राहिला.
परगावचा एखादा घाईत त्या व्रणावरच पाय रोवतो,
हात वर करून नाचतो,
आणि मी बुकात दोन लिहिते.

अडुसष्ट साली तर डंक मारणं हाच गुन्हा होता.
व्हर्लिन सहा फूट पाच इंच.
हात रिंगच्या वर जायचा
आणि भरल्या ताटावरून उठावं तसा
मुकाट खाली यायचा.
एका रात्री, हॉल रिकामा असताना, त्यानं एकदाच मारला.
दिवे मालवायला आलेला क्लेम ओस्गुड
झाडूवर हनुवटी टेकून उभा होता. म्हणाला,
"मी काही पाहिलं नाही.
अजून एकदा मार, म्हणजे नीट न पाहता येईल."

आठ वर्षांनी बंदी उठली.
तोवर याचा गुडघा बसला होता.

जानेवारीत त्याची गाडी सुरू होईना.
उणे बावीस. मी घरी सोडलं, कॉफीला आत गेले.
डेल्फिया टेबलाशी बसलेली.
वसंतात झटका आला, तेव्हापासून शब्द तिच्याकडे
लांबच्या गावाहून येतात, चालत.

"जेवलीस?" त्यानं विचारलं.
आणि थांबला.

फ्रिज घुमत होता. छपरावरून बर्फाचा एक थर घसरला.
मला सवय, मी मनात मोजू लागले.
वीस. पंचवीस.
तीसला माझे खांदे आपोआप आखडले, भोंगा व्हायला हवा होता.
मेणकापडावर त्याचा अंगठा
जिथल्या तिथे, हललासुद्धा नाही.
पस्तीस. तिची नजर चुलीकडे गेली, परत आली.
माझ्या जिभेवर तिचं वाक्य तयार होतं,
मी ते कॉफीबरोबर गिळलं.

"सूप," ती म्हणाली.
आणि पुन्हा बऱ्याच वेळानं, "तुझं. झाकलंय."

किती झाले ते मला सांगता येणार नाही.
चाळिशीच्या पुढे माझी मोजणी सुटली होती.

शनिवारी सामना. दोन गुणांनी मागे.
पहिल्या वर्षाचा टेरॉन बिग्जबी चेंडू घेऊन उभा,
डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत,
तीन, दोन, एक.
भोंगा.
पोरानं व्हर्लिनकडे असं पाहिलं
जणू ते सेकंद यानंच खाल्ले.

घड्याळ पुन्हा तीसवर आणत तो माझ्याकडे न बघता म्हणाला,
"अजून पंधरा असते ना, तर काढलं असतं काहीतरी त्यानं."
"लिहू?" मी विचारलं.

"बुकात तसा रकाना नाही," तो म्हणाला,
आणि पंचाच्या हाताकडे बघत राहिला.